‘जोडलेली आहे’ आणि ‘चालू असते’ : संगणकजाळ्याच्या देखरेखीची मराठी परिभाषा, वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आजचा धाराशिव) आणि वाशिम हे चार जिल्हे त्यात आले. जिल्ह्याची प्रगती ४९ निर्देशकांनी मोजावयाची असे ठरले. त्यांपैकी पायाभूत सुविधांच्या सदरातील एक निर्देशक असा : इंटरनेट जोडणी असलेल्या ग्रामपंचायतींची टक्केवारी. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे १२ लाख लोकवस्ती असलेल्या या जिल्ह्यात ही टक्केवारी काढणे वरकरणी सोपे काम आहे. ग्रामपंचायतींची यादी घ्यावी, जोडलेल्यांसमोर खूण करावी आणि भागाकार करावा. तथापि ही खूण ज्या वाक्याच्या आधारे केली जाते ते वाक्य, म्हणजे ‘ग्रामपंचायत इंटरनेटने जोडलेली आहे’, नेमके काय सांगते हा प्रश्न अभियंत्याइतकाच व्याकरणकाराचाही आहे. जाळ्याच्या देखरेखीविषयी मराठीत जे शासकीय लेखन होते त्यातील बराचसा गोंधळ यंत्रांचा नसून या वाक्याचा आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

मराठीत एकाच धातूपासून तीन निकटची विधाने होतात. ‘ग्रामपंचायत जोडली आहे’ हे घडून गेलेल्या घटनेचे विधान होय. त्याला साक्ष म्हणून काम पूर्ण झाल्याचा दाखला पुरतो. ‘जोडलेली आहे’ हे त्या घटनेतून उरलेल्या अवस्थेचे, बोलण्याच्या क्षणापुरते विधान होय. ते खरे की खोटे हे ठरविण्यास आज तेथे जाऊन पाहावे लागते. ‘जोडलेली असते’ या तिसऱ्या विधानाची जात मात्र सर्वस्वी वेगळी आहे. पाठ्यपुस्तकांतील व्याकरण ज्यास रीतिवर्तमान म्हणते त्याच्या जवळचे हे रूप. ते कोणत्याही एका क्षणाविषयी बोलत नाही, तर अनेक क्षणांतून दिसणाऱ्या शिरस्त्याविषयी बोलते. ‘आहे’ व ‘असते’ हा भेद इंग्रजी क्रियापदात असा उघड उमटत नाही, आणि म्हणूनच इंग्रजी नमुन्यावर बेतलेल्या तक्त्यात त्याला रकाना मिळत नाही. मराठी बोलणाऱ्यास मात्र तो शिकवावा लागत नाही. ‘नळ आहे’ आणि ‘नळाला पाणी असते’ यांतील अंतर कोणत्याही खेड्यातील पोर जाणते. नळ बसविणाऱ्या खात्याच्या अहवालात मात्र पहिलेच वाक्य येते, आणि वाचणारा दुसरे समजून बसतो.

(‘रीती’ हा शब्द वाशिमच्या संदर्भात यावा ही मौजेची गोष्ट. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीस या नगरावरून ‘वच्छोमी’ असे नाव आले आहे. त्या रीतीचा प्रस्तुत रीतीशी नामसाम्यापलीकडे संबंध नाही.)

आता जाळ्याकडे वळावे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि महाराष्ट्रातील तिच्या दुसऱ्या टप्प्यास महानेट असे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातील रचना स्थूलमानाने अशी : तालुक्याच्या ठिकाणी दूरध्वनी केंद्रात एक मुख्य उपकरण असावे, त्यातून निघालेली तंतूंची तार मध्ये विभाजकाने फोडावी, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत एका लहान उपकरणाशी ती संपवावी. या लहान उपकरणास तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. त्यास वीज लागते, विजेच्या अभावी बॅटरी लागते, आणि ज्या खोलीत ते बसविले त्या खोलीची किल्ली कोणाकडे तरी असावी लागते. ‘जोडणे’ या क्रियापदाच्या अर्थात तार येते. वीज, बॅटरी व किल्ली या तीन गोष्टी येत नाहीत. तार जमिनीत शाबूत असता ग्रामपंचायतीतील संगणक महिनाभर बंद असू शकतो, आणि तरीही ‘जोडलेली आहे’ हे विधान व्याकरणदृष्ट्या व वस्तुतः खरेच राहते. अहवाल लिहिणाऱ्यावर खोटेपणाचा आरोप करण्यास येथे जागा नाही. दोष खऱ्या विधानाच्या अपुरेपणाचा आहे, आणि असा दोष खोट्या विधानापेक्षा उघडकीस आणण्यास कठीण असतो.

‘असते’ हे विधान करावयाचे तर काय करावे लागते? जाळ्याच्या देखरेखीचे शास्त्र याच प्रश्नाचे उत्तर आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने ‘पिंग’ ही छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडीचा शोध घेणारे यंत्र जसे ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते तसे ही आज्ञावली दूरच्या यंत्रास एक संदेश धाडते आणि उत्तर किती वेळात आले ते नोंदविते. उत्तर आले तर ‘आहे’, न आले तर ‘नाही’. १९८८ पासून प्रचारात आलेल्या एसएनएमपी या संकेतप्रणालीने यापुढचे पाऊल टाकले : यंत्र केवळ ‘आहे’ म्हणत नाही, तर आपल्यातून किती मजकूर गेला, किती चुका झाल्या, आपण किती वेळ सलग चालू आहोत हेही विचारल्यावर सांगते. असा प्रश्न दर पाच मिनिटांनी विचारण्याची प्रथा आहे. म्हणजे दिवसाकाठी २८८ वेळा. देखरेखीचे यंत्र २८८ वेळा ‘आहे का?’ असे विचारून त्यातून एक ‘असते’ तयार करते. रीतिवर्तमानाची याहून काटेकोर व्याख्या व्याकरणाच्या ग्रंथांतही सहसा आढळणार नाही.

या शास्त्रातील एक तपशील येथे मुद्दाम सांगण्याजोगा आहे. ग्रामपंचायतीतील उपकरणाची वीज गेली असता ते विझण्यापूर्वी, उरल्यासुरल्या शक्तीवर, तालुक्याच्या यंत्रास एक शेवटचा संदेश पाठवू शकते. तंत्रज्ञ त्यास ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात; मराठीत ‘अखेरची धाप’ म्हणता येईल. ही धाप ऐकू आली तर वीज गेली असे समजावे. काहीही न ऐकता संपर्क तुटला तर तार तुटल्याचा संशय घ्यावा. एका प्रसंगी वीज वितरणास कळवावयाचे, दुसऱ्या प्रसंगी तार जोडणाऱ्यास धाडावयाचे. जिल्ह्यात रस्तेबांधणीचे काम निघाले की खोदकामाने तारा तुटण्याचा संभव वाढतो. खोदण्यापूर्वी तारांच्या मालकांस सूचना देता यावी म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्राने एक मोबाइल उपयोजनही काढले. यंत्रास मौनाचे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. कचेरीच्या तक्त्यात मात्र दोहोंस एकच शब्द आहे : ‘बंद’.

टक्केवारीच्या बाबतीतही हेच. ‘९८ टक्के वेळ चालू’ हे वाक्य ऐकण्यास प्रशस्तिपत्रासारखे वाटते. वर्षात ८,७६० तास असतात. त्यांचे दोन टक्के म्हणजे १७५ तास, अर्थात सात दिवसांहून किंचित अधिक. हे सात दिवस वर्षभर विखुरले तर कोणास फारसे जाणवणार नाहीत. तेच खरीप पीकविम्याच्या मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात आले तर सोयाबीन व तूर पेरणाऱ्या जिल्ह्यास ते वर्षभर जाणवतील. शिवाय तालुक्याचे यंत्र, मधली तार, गावातील उपकरण आणि वीज अशा चार गोष्टी एकामागोमाग एक अवलंबून असल्या, आणि प्रत्येक ९९ टक्के वेळ चालू असली, व त्यांचे बिघाड परस्परांशी निगडित नसले, तर साखळीची एकंदर उपलब्धता बेरजेने नव्हे तर गुणाकाराने काढावी लागते. ती ९६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे वर्षाकाठी चौदा दिवस अंधार. चारही खात्यांनी आपापल्या अहवालात ९९ टक्के लिहावे, आणि चारही अहवाल खरे असावेत. गावाचा अहवाल लिहिणारे पाचवे खाते मात्र अस्तित्वात नसते.

परिभाषेकडे येता पहिला शब्द ‘संनियंत्रण’. शासकीय मराठीत ‘मॉनिटरिंग’साठी तो आता पक्का रुळला आहे, ‘संनियंत्रण व मूल्यमापन’ ही जोडी शासननिर्णयांत नित्य आढळते. मूळ लॅटिन धातूचा अर्थ सावध करणे, आठवण देणे असा आहे. त्यात नियंत्रण कोठेही नाही. मराठी शाळेने हा शब्द फार पूर्वी अचूक अर्थाने स्वीकारला होता : वर्गाचा मॉनिटर बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहितो, छडी गुरुजींकडे असते. ‘संनियंत्रण’ या शब्दाने फळा आणि छडी एकाच हाती दिली. परिणाम असा होतो की ‘जाळ्याचे संनियंत्रण केले जाते’ असे लिहिले म्हणजे पाहणेही झाले आणि सुधारणेही झाले, असा आभास निर्माण होतो. वास्तविक जालव्यवस्थापनाच्या शास्त्राने ही कामे कटाक्षाने वेगळी केली आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८९ मध्ये मांडलेल्या चौकटीत बिघाड, मांडणी, हिशेब, कामगिरी आणि सुरक्षा असे व्यवस्थापनाचे पाच विभाग आहेत. बिघाड शोधणे एक, आणि बिघाड नसताही काम कसे चालले आहे हे मोजणे दुसरे. जाळे बंद नसते, पण एक दाखला उघडण्यास दहा मिनिटे लागतात, ही अवस्था दुसऱ्या विभागात पडते. आणि आपल्या तक्त्यांत नेमका तोच विभाग रिकामा असतो.

पर्यायी शब्दांचा विचार करता मराठीची श्रीमंती ध्यानात येते. ‘पाहणी’ एकवार होते. ‘तपासणी’ही एकवार, परंतु ठरलेल्या निकषावर. ‘पाळत’ सतत असते, पण ज्यावर ठेवली त्याच्याविषयी संशय गृहीत धरते. ‘टेहळणी’स शत्रू लागतो. ‘देखरेख’ सतत असते, शिवाय देखरेख करणाऱ्यावर जबाबदारी टाकते. इमारतीच्या कामावर, शेतावर, आजाऱ्यावर ती ठेवली जाते. जाळ्याच्या संदर्भात हाच शब्द सर्वाधिक यथार्थ होय. त्याच्या विरुद्ध एक आक्षेप मात्र वजनदार आहे. ‘संनियंत्रण’पासून संनियंत्रक, संनियंत्रित, संनियंत्रणीय अशी सारी घराणी निघतात; ‘देखरेख’पासून काहीच निघत नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांनी संस्कृत धातूंचा आश्रय केला त्यामागे ही साधकता होती, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण संज्ञेने प्रत्यय धारण करावेत ही अपेक्षा रास्त असली तरी तिने अर्थ सोडून प्रत्यय धारण करावेत हे रास्त नव्हे. ‘देखरेख यंत्रणा’, ‘देखरेखीखालील उपकरण’ असे समास व शब्दबंध करून काम भागते. ते लांब होतात एवढेच.

‘परफॉर्मन्स’साठी ‘कार्यक्षमता’ वापरणे हा दुसरा, अधिक घातक प्रमाद. क्षमता म्हणजे जे होऊ शकते ते. तारेची क्षमता सेकंदास शंभर मेगाबिट असू शकते आणि प्रत्यक्षात दोनही मिळत नसतील. ‘कामगिरी’ हा शब्द माणसाच्या पराक्रमाचा वास असलेला असला तरी प्रत्यक्ष घडलेल्या कामाविषयी बोलतो, म्हणून तोच बरा. कामगिरीची अंगे कोणती, यास मराठीत शब्द सहज मिळतात : संदेशास लागणारा विलंब, त्या विलंबातील चढउतार, आणि वाटेत हरवलेल्या पॅकेटांची गळती. ‘गळती’ हा शब्द तर वीज, पाणी आणि शाळेतील पट या तिन्ही ठिकाणी आधीच राबत आहे. उलट ‘ब्रॉडबँड’ या शब्दाचा अर्थ कोशात नसून राजपत्रात असतो : २००४ मध्ये सेकंदास किमान २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२, आणि जानेवारी २०२३ पासून दोन मेगाबिट. शब्द तोच राहिला आणि अर्थ अधिसूचनेने आठपट झाला. २०१३ च्या अहवालातील ‘ब्रॉडबँड असलेले गाव’ आणि आजच्या अहवालातील तेच पद यांची तुलना करणाऱ्याने हे विसरू नये.

या सर्व परिभाषेच्या दुसऱ्या टोकास लोकांचे एक वाक्य उभे आहे : ‘सर्व्हर डाउन आहे.’ रास्त भाव दुकानात बोटाचा ठसा उमटला नाही, सेवाकेंद्रात सातबारा निघाला नाही, बँकेत पासबुक भरले गेले नाही, तरी उत्तर हेच. भाषाशास्त्रीय दृष्ट्या हे वाक्य माहितीपर नाही. ते संभाषण संपविण्याची कृती आहे. त्यात कर्ता माणूस नाही, स्थळ नाही, काळाची मर्यादा नाही. समोरच्याने ‘कोठला सर्व्हर?’ असे विचारणे शिष्टसंमत नाही. वस्तुतः बिघाड दुकानातील यंत्रात असू शकतो, सिमकार्डाच्या लहरींत असू शकतो, तालुक्याच्या उपकरणात असू शकतो, राज्याच्या माहितीकेंद्रात असू शकतो, किंवा ओळख पटविणाऱ्या दूरच्या संस्थेत असू शकतो. पाचांतील एकाच ठिकाणी त्यास ‘सर्व्हर’ म्हणता येईल, फार तर दोन. पण यंत्राच्या पडद्याने दुकानदारास एकच इंग्रजी ओळ दाखविली, आणि त्याने तिचे यथाशक्ती मराठी केले. दोष त्याच्या भाषेचा नाही. पाच बिघाडांना पाच नावे देणारी यंत्रणा वरच्या मजल्यावर अस्तित्वात असून तिची नावे खाली उतरत नाहीत, हा दोष आहे. मजुरी बुडवून धान्यासाठी आलेली बाई रिकाम्या पिशवीने परतते तेव्हा तिच्याजवळ तक्रार असते, पण तक्रारीचा पत्ता नसतो.

गर्दीच्या काळाचा विचार या संदर्भात निराळा करावा लागतो. डेन्मार्कच्या ए. के. एरलांग याने १९०९ मध्ये दूरध्वनीच्या रहदारीचे संभाव्यतेच्या गणिताने विवेचन केले, आणि त्या शास्त्रात ‘गर्दीचा तास’ ही कल्पना रूढ झाली : केंद्राची क्षमता दिवसाच्या सरासरीवर बेतू नये, सर्वांत गजबजलेल्या तासावर बेतावी. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात पीकविमा देऊ केला. मुदत ३१ जुलैची होती. ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. जुलै महिन्याची सरासरी काढणारा अहवाल त्या अखेरच्या दिवसांविषयी काहीच सांगणार नाही. शेतकऱ्यास महिन्याची सरासरी लागत नाही. त्यास त्याचा एक तास लागतो.

मोजमापाचे एककही तितकेच विचारार्ह आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवागुणवत्तेची नवी नियमावली काढली. ती १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आली. तिच्यात विलंब, चढउतार व गळती यांचे निकष आहेत, ही समाधानाची गोष्ट. जिल्ह्यातील सेवा चार तासांहून अधिक काळ खंडित झाली तर प्राधिकरणास कळविणे बंधनकारक आहे, आणि खंड चोवीस तासांहून लांबला तर ग्राहकास भाड्यात सूट देण्याची तरतूद आहे. राज्याऐवजी जिल्हा हे एकक घेतले हा पुढचा टप्पा खराच. १ जुलै १९९८ पूर्वी वाशिम जिल्हाच नव्हता, तेव्हा येथला खंड अकोल्याच्या हिशेबात विरघळला असता. परंतु मानोरा तालुक्यातील एखादे गाव आठवडाभर तुटले तर जिल्हा तुटला असे होत नाही. त्या गावास वैयक्तिक तक्रारीची वाट उरते. आणि ती वाट ‘सर्व्हर डाउन’ या वाक्यापाशी येऊन थांबते, हे वर पाहिलेच.

उपाय शब्दांनी होत नाही, असा प्रतिवाद येथे होईल. तो अंशतः मान्य करावा लागेल : ‘असते’ लिहिल्याने तार जुळत नाही. पण तक्त्यातील रकान्याचे शीर्षक बदलल्याने कर्मचाऱ्यास काय गोळा करावे लागते ते बदलते. ‘जोडणी आहे काय? होय / नाही’ या रकान्याऐवजी ‘मागील महिन्यात कचेरीच्या वेळेत किती तास चालू होती?’ असा रकाना घातला, तर दाखला पुरत नाही, २८८ प्रश्नांची नोंद मागवावी लागते. ही नोंद जाळ्याच्या केंद्रात ठेवता येते. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागत नाही, इतकेच.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात, एकेरी साखळीऐवजी तारेचे वलय करण्याचे व दहा वर्षांच्या देखभालीचे कलम आहे. वलयात तार एकीकडे तुटली तरी दुसरीकडून वाट राहते. वर सांगितलेल्या गुणाकाराची धार त्यामुळे बोथट होते. या कार्यक्रमाची मराठी कागदपत्रे जसजशी ग्रामपंचायतींपर्यंत येतील तसतसा एक भेद तपासावा लागेल. ‘देखभाल’ आणि ‘देखरेख’ हे शब्द मराठी कानास जुळे वाटतात, आणि भाषांतरकार एकाच्या जागी दुसरा सहज घालतो. देखभाल म्हणजे बिघडू न देणे व बिघडल्यास नीट करणे. देखरेख म्हणजे बिघडले की नाही हे सतत जाणणे. पहिलीचे पैसे करारात असतात. दुसरीची नोंद कोणी ठेवावी, किती दिवस जपावी आणि ग्रामसभेने मागितली तर कोणत्या भाषेत द्यावी, हे कलम मराठी मसुद्यात शोधावे.